गाडीच्या आत जास्तीचे दिवे बसवायचेत? आधी करंट कुठून घ्यायचा ते ठरवा

पायाशी मंद उजेड हवा, डिकीत सामान शोधताना दिवा हवा, मागे बसणाऱ्याला चार ओळी वाचता याव्यात इतका प्रकाश हवा. ही सगळी कामं स्वतः करता येण्यासारखी आहेत. एलईडी पट्टी चिकटवणं कुणालाही जमतं. नवशिक्या अडतो तो पुढच्या पायरीवर : पट्टीतून बाहेर आलेल्या या दोन वायरी जोडायच्या कुठे? हाताला लागेल ती वायर सोलून तिला जोड मारला तरी दिवा लागतो, आणि दिवा लागला की काम झालं असं वाटतं. मग गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, खड्ड्यातून जाताना दिवे लुकलुकतात, किंवा डॅशबोर्डमागे एखादी वायर गरम होत राहते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

त्यामुळे खाली पट्टी चिकटवण्याबद्दल थोडंच लिहिलंय आणि करंट कुठून घ्यायचा, किती घ्यायचा, कोणत्या फ्यूजमधून न्यायचा याबद्दल बरंच.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हे सगळं १२ व्होल्टच्या गाड्यांसाठी आहे. ट्रक-बससारख्या मोठ्या गाड्यांत बहुधा २४ व्होल्ट असतात, तिथे १२ व्होल्टची पट्टी जळेल. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांतही दिवे १२ व्होल्टच्या वेगळ्या बॅटरीवर चालतात, त्यामुळे काम तेच. फक्त नारिंगी आवरणाची वायर दिसली की तिथून हात मागे घ्या. ती हाय व्होल्टेजची असते आणि तिच्याशी आपलं काही काम नाही.

## १. दिवे कधी लागायला हवेत ते आधी ठरवा

दुकानातून पट्टी आणण्यापूर्वी हा प्रश्न सोडवा, कारण पुढचं सगळं वायरिंग त्यावर ठरतं. गाडीत करंट मिळण्याच्या जागा साधारण चार प्रकारच्या असतात.

कायम चालू सप्लाय. किल्ली काढली तरी इथे १२ व्होल्ट असतात. डिकीतल्या दिव्याला किंवा गाडी उभी असताना वाचायच्या दिव्याला हा लागतो. मात्र दिवा बंद करायचं राहिलं तर तो रात्रभर चालणार, हे धरून चला. अर्धा अँपिअर घेणारा दिवा दहा तासांत पाच अँपिअर-तास खातो. चांगली बॅटरी हे एकदा सहन करेल, पण जुनी झालेली बॅटरी सकाळी गाडी चालू करून देईलच असं नाही.

किल्लीबरोबर येणारा सप्लाय. किल्ली 'अ‍ॅक्सेसरी' किंवा 'ऑन'वर नेली की करंट येतो आणि काढली की जातो. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांनी हाच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. विसरून चालू राहिलेला दिवाही गाडीबरोबर बंद होतो.

पार्किंग लाइटबरोबर येणारा सप्लाय. अंधारात हेडलाइट लावले की पायाशी उजेड आपोआप यावा, ही कल्पना छान आहे. पण बऱ्याच जणांचा हात डॅशबोर्डच्या बटणांमागे उजेड देणाऱ्या वायरीकडे जातो, आणि ती वायर मंद-प्रखर करण्याच्या चाकातून आलेली असते. अनेक गाड्यांत हा उजेड कमी करण्यासाठी करंट सेकंदात शेकडो वेळा चालू-बंद केला जातो. त्यावर एलईडी पट्टी थरथरू शकते, आणि पट्टीचा रंग-उजेड बदलणारा कंट्रोलर लावलेला असेल तर तो गोंधळतो.

दाराबरोबर येणारा सप्लाय. दार उघडलं की लागणारे दिवे. दिसायला सगळ्यांत सुंदर आणि नवशिक्याला सगळ्यांत अवघड. त्याबद्दल खाली दहाव्या भागात वेगळं लिहिलं आहे.

आणि यातलं काहीच करायचं नसेल तर गाडीतल्या १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये खोचायचा प्लग असलेली तयार पट्टी मिळते. भाड्याची किंवा वॉरंटीतली गाडी असेल तर तीच घ्या. काही गाड्यांत हे सॉकेट किल्ली काढल्यावरही चालू असतं, तेवढं तपासा.

## २. कागदावर हिशोब करा

पट्टीच्या पाकिटावर दर मीटरला किती वॅट ते लिहिलेलं असतं. नेहमीच्या दोन प्रकारांत मीटरला ६० छोट्या एलईडी असलेली पट्टी साधारण ४.८ वॅट घेते आणि मोठ्या चौकोनी एलईडीची पट्टी साधारण १४.४ वॅट. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात.

उदाहरण घेऊ. चारही बाजूंना पायाशी ३० सेंटिमीटरचे तुकडे, म्हणजे एकूण १.२ मीटर, मोठ्या एलईडीची पट्टी. १.२ गुणिले १४.४ म्हणजे सुमारे १७.३ वॅट. भागिले १२ म्हणजे १.४४ अँपिअर.

आता इथे एक मेख आहे. इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते, पण इंजिन चालू झालं की अल्टरनेटर (इंजिनवर फिरणारं जनित्र) ती १३.८ ते १४.४ व्होल्टवर नेतो. साध्या पट्टीत तीन एलईडी आणि करंट आवरणारा एक रेझिस्टर असा एकेक गट असतो. तीन पांढऱ्या एलईडी मिळून नऊ-साडेनऊ व्होल्ट घेतात आणि उरलेले व्होल्ट रेझिस्टरवर पडतात. बाराच्या जागी १४.४ व्होल्ट आले की वाढीव व्होल्ट मुख्यतः त्या रेझिस्टरवर येतात, आणि करंट दीडपटीहूनही वाढू शकतो. पट्टी जास्त उजळ दिसते, जास्त तापते आणि लवकर मरते. घरातल्या सजावटीसाठीच्या पट्ट्या गाडीत टिकत नाहीत त्याचं मोठं कारण हेच. शक्यतो '९ ते १६ व्होल्ट' असं लिहिलेली, गाडीसाठीच बनवलेली पट्टी घ्या. ती मिळाली नाही तर मध्ये १२ व्होल्टवर स्थिर ठेवणारा छोटा रेग्युलेटर लावा.

म्हणून वरच्या उदाहरणात मी १.४४ नव्हे, सुमारे २.३ अँपिअर धरेन. सतत चालणारा लोड, म्हणजे दिवे घेतील तो करंट, फ्यूजच्या क्षमतेच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास असावा. त्या हिशोबाने ३ अँपिअरचा फ्यूज झाला.

फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो. कुठे आवरण घासून तांबं बॉडीला टेकलं, तर वायर लाल होण्याआधी फ्यूज उडायला हवा. एलईडी त्याच्याही आधी मेलेली असेल, तिची काळजी फ्यूज करत नाही. त्यामुळे नियम सोपा आहे : वायर लोडपेक्षा जाड, आणि फ्यूज वायरच्या क्षमतेपेक्षा बराच लहान. आतल्या दिव्यांना ०.७५ चौरस मिलिमीटरची लवचीक तांब्याची वायर भरपूर झाली. जाऊन-येऊन पाच मीटर वायर आणि दीड अँपिअर करंट धरला तरी तिच्यात ०.१७ व्होल्टच हरवतात, डोळ्यांना फरक कळत नाही.

फ्यूज उडाला की मोठा घालायचा, हा सगळ्यांत धोकादायक उपाय आहे. ३ चा उडतोय म्हणून १५ चा घातला तर दिवा लागेल, पण आता काही बिघडलं तर फ्यूजच्या जागी वायर जळेल. फ्यूज उडण्याचं कारण शोधा.

वायर विकत घेताना एक टोक सोलून धाग्यांवर ब्लेड घासून पाहा. आत पांढरट धातू दिसला तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर आहे. ती घेऊ नका. तिचे धागे लवकर तुटतात आणि जोडांत ती सैल पडते.

## ३. सामान आणि हत्यारं

- एलईडी पट्टी किंवा तयार दिवे
- ०.७५ चौरस मिलिमीटर वायर, लाल आणि काळी
- फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी खोचून तिथून आपली वायर काढायचा जोड), तुमच्या गाडीच्या फ्यूजच्या मापाचा, आणि दोन-तीन जास्तीचे फ्यूज
- स्विच
- क्रिंप कनेक्टर (पकडीने दाबून बसवायचे जोड), वायरच्या टोकाला लावायच्या गोल भोकाच्या थिंबल, हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी)
- वायर स्ट्रिपर आणि क्रिंपिंगची पक्कड (साध्या पकडीने दाबलेला जोड टिकत नाही)
- मल्टिमीटर (व्होल्ट आणि करंट मोजायचा मीटर)
- कापडी टेप, केबल टाय
- ट्रिम (गाडीतली आतली प्लास्टिकची आवरणं) उघडायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या
- गाडीचं मॅन्युअल, निदान त्यातलं फ्यूजच्या तक्त्याचं पान

फ्यूज टॅप घ्यायला जाताना गाडीतला एक फ्यूज काढून सोबत न्या. नेहमीचा, मिनी, बुटका मिनी आणि मायक्रो ही चार मापं दिसायला जवळची आहेत, पण एकमेकांच्या जागी सहसा नीट बसत नाहीत. बुटक्या मिनीच्या जागी उंच टॅप बसला तर फ्यूज बॉक्सचं झाकण लागत नाही.

फ्यूजचे रंग लक्षात राहिले तर काम सोपं होतं : ३ जांभळा, ५ फिकट तपकिरी, ७.५ गडद तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा.

यातल्या कशावर पैसे वाचवायचे असतील तर दिव्यांवर वाचवा. मल्टिमीटर आणि क्रिंपिंगची पक्कड यांवर वाचवू नका.

## ४. बॅटरी सोडवा, पिवळ्या वायरींपासून लांब राहा

ट्रिम उघडण्याआधी किल्ली काढा आणि बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवा. आधी निगेटिव्हच का, तर पान्याचं दुसरं टोक चुकून बॉडीला लागलं तरी काही होत नाही. पॉझिटिव्हचा नट सोडवताना पाना बॉडीला टेकला तर सरळ शॉर्ट होतो. जोडताना उलटा क्रम, निगेटिव्ह शेवटी.

सोडवण्याआधी तीन गोष्टी पाहा. म्युझिक सिस्टिमला कोड लागतो का, तो हाताशी आहे का. किल्ली गाडीबाहेर, खिशात आहे का. आणि बॅटरी डिकीत असून डिकी विजेवर उघडणारी असेल तर ती उघडीच ठेवा, नाहीतर बॅटरीपर्यंत परत पोहोचणं मुश्कील होतं. बॅटरी परत जोडल्यावर घड्याळ आणि काचांचं एका दाबात वर-खाली जाणं पुन्हा सेट करावं लागतं, तो बिघाड नव्हे.

एअरबॅगबद्दल मी इतर कशापेक्षाही जास्त कडक आहे. बॅटरी सोडवल्यावरही एअरबॅगच्या युनिटमध्ये थोडा वेळ चार्ज शिल्लक असतो, म्हणून मॅन्युअलमध्ये दिला असेल तेवढा वेळ थांबा; दिला नसेल तर दहा मिनिटं थांबा. पिवळं आवरण किंवा पिवळा कनेक्टर दिसला की ती एअरबॅगची किंवा सीटबेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेची वायर समजा. तिला जोड मारायचा नाही, तिच्यावर मल्टिमीटर लावायचा नाही, तिला आपली वायर बांधायची नाही. सीटखालीही असे कनेक्टर असतात. ते सुटलेले असताना किल्ली फिरवली तर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागून राहतो आणि तो घालवायला बहुधा सर्व्हिस सेंटरच गाठावं लागतं.

पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबात आणि छताच्या कडेला पडदा एअरबॅग असू शकते. खांबाच्या ट्रिमवर 'एअरबॅग' असं कोरलेलं असतं, ते वाचा. अशा खांबातून वायर नेऊ नका. एअरबॅग उघडताना तिच्या वाटेत आलेली वायर तिला अडवू शकते. पहिल्या कामात छतावर जायचंच नाही असं ठरवलंत तर उत्तम, खालून नेता येणारे पायाशीचे दिवेच घ्या.

## ५. फ्यूज बॉक्समधून करंट घ्या

गाडीच्या मूळ वायरीला मध्येच सोलून जोड मारण्यापेक्षा फ्यूज टॅप कितीतरी चांगला. मूळ वायरिंगला हात लागत नाही, आपल्या दिव्यांना स्वतःचा फ्यूज मिळतो, आणि पुढे सगळं काढायचं झालं तर टॅप उपटला की गाडी होती तशी.

कोणत्या फ्यूजच्या जागी लावायचा? मॅन्युअलमधल्या तक्त्यात १२ व्होल्टचं सॉकेट, ऑडिओ, मागचा वायपर असले फ्यूज शोधा. एअरबॅग, एबीएस, इंजिन कंट्रोल, इंधन पंप, पॉवर स्टिअरिंग आणि हेडलाइट यांच्या फ्यूजना हात लावू नका. तुमच्या दिव्यांत बिघाड झाला तर जास्तीत जास्त गाणी बंद पडावीत, ब्रेकवर परिणाम होता कामा नये.

तपासण्यासाठी बॅटरी तात्पुरती परत जोडा. फ्यूज जागेवर असतानाच त्याच्या डोक्यावर दोन बारीक उघडे धातूचे ठिपके दिसतात. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी काडी बॉडीच्या उघड्या बोल्टला, लाल काडीचं टोक त्या ठिपक्यावर. किल्ली बंद असताना शून्य आणि ऑन केल्यावर १२ दिसले, तर हा किल्लीबरोबर येणारा सप्लाय.

इथे घाई करू नका. नव्या गाड्यांत किल्ली काढल्यावरही काही फ्यूज बराच वेळ जिवंत राहतात. दार उघडेपर्यंत किंवा गाडी लॉक होऊन 'झोपेपर्यंत', म्हणजे तिची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बंद होईपर्यंत, त्यांच्यावर करंट असतो. दार उघडं ठेवून तपासायचं असेल तर दाराच्या लॅचची जीभ स्क्रूड्रायव्हरने आत फिरवा, गाडीला दार लागल्यासारखं वाटतं. दार लागल्यावर दाबलं जाणारं बटण चौकटीत असेल तर ते दाबून धरायची सोय करा. गाडी लॉक करून अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. झाल्यावर हँडल ओढून लॅच मोकळा करायला विसरू नका. जीभ आत असताना दार आपटलं तर लॅच आणि चौकटीतला हुक दोन्ही खराब होतात.

आता टॅपची दिशा. बहुतेकांना हे कुणी सांगतच नाही. फ्यूज काढा, किल्ली ऑन करा आणि रिकाम्या खाचांच्या दोन्ही बाजू मोजा. एका बाजूला १२ व्होल्ट येतील, ती करंट येण्याची बाजू. दुसरी बाजू उपकरणाकडे जाते. टॅपला दोन पाय असतात. ज्या टोकातून लाल वायर बाहेर पडते त्याच्या विरुद्ध बाजूचा पाय सहसा दोन्ही फ्यूजना सामाईक असतो. हा सामाईक पाय करंट येणाऱ्या खाचेत गेला पाहिजे. मग मूळ फ्यूज मूळ उपकरणाला आणि तुमचा फ्यूज तुमच्या दिव्यांना, असे दोन वेगळे रस्ते होतात. टॅप उलटा बसवला तरी दिवे लागतात, पण त्यांचा करंट मूळ फ्यूजमधून जातो आणि त्या फ्यूजवर दोघांचा भार पडतो. टॅप लावण्याआधी मल्टिमीटर कंटिन्यूटीवर (दोन टोकं जोडलेली असली की वाजतो ती सेटिंग) ठेवून कोणता पाय सामाईक आहे ते पाहून घ्या. फ्यूज घातलेले नसताना जो पाय दोन्ही फ्यूजच्या खाचांशी वाजतो तो सामाईक.

खालच्या खाचेत गाडीचा मूळ फ्यूज तसाच, वरच्या खाचेत तुमचा ३ अँपिअरचा. टॅपमधून निघालेली लाल वायर स्विचकडे, स्विचमधून पट्टीच्या पॉझिटिव्हकडे.

रिलेबद्दल, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचबद्दल, विचारलं जातं. दोन-तीन अँपिअरच्या आतल्या दिव्यांना तो लागत नाही. लोड फार वाढला किंवा नाजूक वायरवरून चालू-बंद करायचं असेल तरच लावा. त्या वेळी ८५ आणि ८६ या कॉइलच्या पिना, ३० वर फ्यूजमधून आलेला करंट आणि ८७ वर दिवे, एवढं पुरे.

## ६. अर्थिंग पक्कं करा

अर्थिंग म्हणजे पट्टीची काळी, निगेटिव्ह वायर गाडीच्या धातूच्या बॉडीला जोडणं. पॉझिटिव्हवर सगळे मेहनत घेतात आणि काळी वायर कुठल्या तरी स्क्रूखाली खुपसतात. दिवे मंद लागणं, लुकलुकणं, दुसऱ्याच कुठल्या तरी बटणाबरोबर चमकणं, यातल्या बऱ्याच तक्रारी अर्थिंगच्या निघतात.

गाडीत आधीच काळ्या किंवा तपकिरी वायरींचे थिंबल जिथे बॉडीला बोल्टने आवळलेले दिसतात ती जागा सगळ्यांत चांगली. डॅशबोर्डखाली, पायांच्या बाजूच्या पॅनेलमागे अशी जागा बहुधा सापडते. काळ्या वायरला गोल थिंबल लावून त्या बोल्टखाली आवळा. तिथे रंगाचा थर असेल तर पॉलिश पेपरने धातू उघडा करा. सीटबेल्टचा बोल्ट, एअरबॅग युनिटचा बोल्ट आणि स्टिअरिंग कॉलम वापरू नका. प्लास्टिकमध्ये घुसलेला स्क्रू अर्थ देत नाही, हे उघड असलं तरी अंधारात वाकून काम करताना हातून सुटतं.

रंगीत पट्टी असेल तर थांबा. तिच्या चार वायरींत एक सामाईक पॉझिटिव्ह असते आणि लाल-हिरवा-निळा या बाकीच्या तीन वायरी कंट्रोलर निगेटिव्हकडून चालवतो. त्यातली कुठलीही बॉडीला जोडायची नाही. बॉडी अर्थ फक्त कंट्रोलरच्या निगेटिव्हला.

## ७. जोड

वायर सहा-सात मिलिमीटर सोला. धागे तुटले असतील तर ते टोक कापून पुन्हा सोला. धागे हलके पिळून कनेक्टरमध्ये असे घाला की आवरण नळीच्या तोंडाशी टेकेल आणि तांबं दुसरीकडून जेमतेम दिसेल. पकडीने दाबा आणि मग वायर ओढून पाहा, अगदी जोर लावून. सुटली तर आत्ता सुटलेली बरी. लाल आवरणाचे कनेक्टर ०.५ ते १.५ चौरस मिलिमीटरसाठी असतात, तुम्हाला तेच लागतील. निळे आणि पिवळे त्याहून जाड वायरींचे.

डाग दिलेला (सोल्डर केलेला) जोड गाडीत नेहमीच श्रेष्ठ असं नाही. डाग वायरीत जिथपर्यंत झिरपतो तिथपर्यंत ती कडक होते, आणि कडक भाग संपतो तिथे हादऱ्यांनी धागे तुटतात. पट्टीच्या तांब्याच्या ठिपक्यांना मात्र डागच द्या, कारण त्यांच्यावर बसणारे चिमट्यासारखे कनेक्टर उन्हाने सैल होतात. तो जोड हीट श्रिंकमध्ये घेऊन वायर जवळच टायने बांधली की हादरा जोडापर्यंत जात नाही.

वायर न सोलता दाबून लावायचे निळे चिमटे मिळतात, ते टाळा. त्यांचं पातं धागे कापतं आणि काही महिन्यांनी जोड येतो-जातो. नुसती चिकटपट्टी गुंडाळलेला पिळा तर नकोच. उन्हात तापलेल्या गाडीत तिचा गोंद वितळतो आणि पट्टी उलगडते.

## ८. वायर कुठून न्यायची

दाराच्या उंबऱ्याची प्लास्टिक पट्टी उचकटली की खाली कंपनीचा वायरींचा जुडगा दिसतो. त्याच्या बाजूने जा, कापडी टेपने गुंडाळून आणि मध्ये मध्ये टाय लावून. पत्र्याच्या भोकातून जायचं असेल तर तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं रबरी कडं) हवाच, कापलेल्या पत्र्याची धार आवरण खाऊन टाकते.

ड्रायव्हरच्या पायाशी सगळ्यांत जास्त काळजी घ्या. लोंबणारी वायर किंवा सुटलेली पट्टी ब्रेकच्या पेडलखाली किंवा त्याच्या दांड्यात अडकू शकते. काम झाल्यावर खाली वाकून तिन्ही पेडल पूर्ण दाबून पाहा आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा. कुठेही वायर हलता कामा नये. सीटखाली दिवा लावला असेल तर सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे आणि वर-खाली करून वायर रुळात येत नाही ना ते बघा.

## ९. पट्टी बसवा

पट्टी फक्त कात्रीच्या खुणेवरच कापा, साध्या पट्टीत ती दर तीन एलईडींनंतर असते. भलतीकडे कापली तर तो गट बंद पडतो.

चिकटवायची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कारण डॅशबोर्डवर लावलेल्या चकाकीच्या पॉलिशवर कुठलाही गोंद धरत नाही. नुसत्या गोंदावर विसंबू नका, दोन्ही टोकांना क्लिप किंवा टाय लावा. पट्टी डॅशबोर्डच्या खालच्या कडेच्या आत, तोंड खाली करून लावा. एलईडी दिसू नये, फक्त उजेड दिसावा. ती थेट दिसली तर रात्री तिचं प्रतिबिंब काचेवर पडतं आणि रस्ता पाहताना त्रास होतो. आपल्याकडच्या वाहतूक नियमांत गाडीतल्या दिव्यांच्या रंगाबद्दल काय म्हटलंय तेही पाहा. बाहेरून दिसणारे लाल-निळे किंवा लुकलुकणारे दिवे आपत्कालीन वाहनांचे वाटतात, ते लावू नयेत.

## १०. दार उघडल्यावर लागणारे दिवे

जुन्या पद्धतीच्या अनेक गाड्यांत छतावरच्या दिव्याला पॉझिटिव्ह कायम असतो आणि दाराचं बटण त्याचं निगेटिव्ह बॉडीला जोडतं. तपासायला लाल काडी कायम सप्लायवर आणि काळी बटणाच्या वायरवर ठेवा. दार उघडल्यावर १२ दिसले आणि बंद केल्यावर गेले, तर गाडी या पद्धतीची. मग पट्टीचा पॉझिटिव्ह कायम सप्लायच्या फ्यूज टॅपवर आणि निगेटिव्ह त्या बटणाच्या वायरवर, बॉडीवर नाही.

दिवा विझताना हळूहळू मंद होत असेल, तर तो बॉडी कंट्रोल मॉड्यूल (गाडीतले दिवे, लॉक वगैरे सांभाळणारा छोटा संगणक) चालवतंय. या मॉड्यूलला छोटा दिवा पेलण्यापुरतीच ताकद दिलेली असते. तिथे जास्तीचा लोड टाकला तर ते करंट तोडतं, किंवा बिघडतं, आणि ते बदलणं खर्चाचं असतं. मध्ये रिले टाकून सुटका होत नाही, कारण मंद होताना येणाऱ्या तुटक करंटवर रिले टकटक करत राहतो. अशा गाडीत हे काम जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्या.

## ११. ट्रिम बंद करण्याआधी तपासा

सगळं उघडं असतानाच दिवे लावा. इंजिन चालू करून पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि वायर, जोड, स्विच, टॅप यांना बोट लावून पाहा. वायर किंवा जोड गरम लागला तर तिथे काहीतरी सैल आहे. पट्टी कोमट होणं चालतं.

अर्थिंगसाठी : दिवे चालू ठेवून मल्टिमीटर व्होल्टवर, एक काडी पट्टीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर. ०.२ व्होल्टच्या आत आकडा असेल तर जोड चांगला. त्याहून जास्त असेल तर बोल्टखालचा रंग नीट निघालेला नाही.

कायम सप्लाय वापरला असेल तर झोपलेल्या गाडीचा करंटही मोजा, विशेषतः रिमोटचा कंट्रोलर लावला असेल तर. दिवे बंद असले तरी त्याचा रिसीव्हर जागाच असतो. लाल काडी मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या भोकात घाला, बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवून मीटर तिच्या आणि बॅटरीच्या मध्ये घ्या, दारं लॉक करा. मीटर लावलेला असताना इंजिन चालू करायचं नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज जाईल. गाडी झोपायला अर्धा-एक तास लागू शकतो. त्यानंतर साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा असावा. जास्त दिसला तर फ्यूज टॅपमधला तुमचा फ्यूज काढा. आकडा खाली आला तर करंट तुमचे दिवे खातायत, आणि त्यांना किल्लीच्या सप्लायवर न्या. आकडा तसाच राहिला तर दोष गाडीत आधीपासून होता. मोजून झालं की लाल काडी लगेच व्होल्टच्या भोकात परत घाला. ती अँपिअरच्या भोकात राहिली आणि पुढच्या वेळी कुणी बॅटरीचे व्होल्ट मोजायला गेलं तर मीटरमधून सरळ शॉर्ट होतो.

शेवटी फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतून एक चिठ्ठी चिकटवा : टॅप कोणत्या जागी आहे, फ्यूज किती अँपिअरचा, अर्थ कुठल्या बोल्टवर. उद्या गाडी ज्याच्या हातात जाईल त्या मेकॅनिकला तिचा उपयोग होईल.